आधी नाव काढ, मंग पाहू

प्रिय मामा,

वर नमस्कार लिहिलेला नाही. मोठ्या माणसाला पत्र लिहिताना तो लिहावा लागतो हे मला कळतं, पण मी तुमच्यावर इतकी चिडलेली आहे की आज तो हातून उतरत नाही.

तुमच्या तेरवीला अख्खा धान्य बाजार घरी आला होता. एकेक जण सांगत होता, बाबारावभाऊनं माह्या पोराले कामाले लावलं, बाबारावभाऊनं आमची मोजणी करून देली, बाबारावभाऊ नसते तर माही माय दवाखान्यातच राह्यली असती. मी पंगतीत भाजी वाढत होते आणि मनात एकच येत होतं: आणि माझं काम? ते अर्धं टाकून तुम्ही गेले त्याचं काय? पण तेरवीच्या दिवशी असं बोलत नाहीत. आईनं सगळ्यांदेखत कानाखाली वाजवली असती. म्हणून तेव्हापासून गिळून बसले होते.

आज पहिल्यांदा कोणत्या खिडकीसमोर रांगेत उभं राहायचं नाही. अकोल्यात तुमच्याच घरी, तुमच्याच खाटेवर दुपारची बसले आहे. आता भांडून घेते. तुम्हाला मधे बोलता येणार नाही, हे आयुष्यात पहिल्यांदाच होतंय! आणि लिहायला बसलं की माझी मराठी शाळेतली होते, त्याला हसू नका.

सगळं पहिल्यापासून सांगते, कारण तुम्ही अर्धंच ऐकत होते. पहिलं वर्ष मी अमरावतीच्या खासगी फार्मसी कॉलेजात काढलं. वलगावहून बसनं राजापेठ आणि तिथून पुढे पायी. शिकवणं चांगलं होतं, मैत्रिणी चांगल्या होत्या. फी मात्र बाबांच्या छातीवर बसली होती. शिष्यवृत्ती निम्मीच भरते आणि उरलेल्या निम्म्यात दर वेळी नवीन काहीतरी घुसतं. प्रयोगशाळेचं, गणवेशाचं, विकासाचं. कोणाचा विकास, ते कोणी सांगत नाही. फीचा निरोप आला की बाबा वावरात जरा जास्त वेळ थांबायचे. म्हणून मी ठरवलं, दुसऱ्या वर्षाला कॉलेज बदलायचं आणि स्वस्तातलं पाहायचं.

तुम्हाला वाटायचं पोट्टी नुसती मोबाईल पाहत बसते. मी कॉलेजं शोधत होते, मामा! एका ट्रस्टच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाई फार गोड बोलल्या, पाणी दिलं, आणि म्हणाल्या की आमची मदत पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्यांनाच मिळते. बँकेत गेले तर तिथले साहेब म्हणाले, शिक्षण सुरू झालं तेव्हाच का नाही आलीस? एका कॉलेजनं सांगितलं, फीची सवलत आमच्या जुन्या मुलांना. म्हणजे जो पहिल्यापासून आहे त्याला मदत, जो वर्गात पहिला आला त्याला मदत, आणि जो मधेच म्हणतो की बाबांनो, इथलं परवडत नाही, मला कमी फीच्या जागी जाऊ द्या, त्याच्यासाठी कुणाकडे रकानाच नाही. स्वस्तात शिकायला आधी श्रीमंत असावं लागतं की काय?

हिंडून हिंडून शेवटी अकोल्याचं अनुदानित कॉलेज सापडलं. फी बाबांना झेपेल अशी. दुसऱ्या वर्षाच्या काही जागा रिकाम्या. विद्यापीठ तेच, अभ्यासक्रम तोच. आणि राहायला तुमचं घर, म्हणजे होस्टेलचा खर्च नाही. मी धावतच तुम्हाला फोन लावला, आणि त्या फोननंतर माझं काम माझ्या हातात राहिलं नाही.

'तू काईच टेन्शन घेऊ नोको. तठी हापिसात आपले काझी साहेब हायेत. आपली वळख हाय,' तुम्ही म्हणाले.

तुमची वळख! अकोल्यात तुमच्यासोबत रस्त्यानं चालणं म्हणजे शिक्षाच होती. दर टपरीवर थांबा, दर ऑटोवाल्याला हात, दर दुकानात पाणी. मामी म्हणायची, ह्यायच्या संगं भाजी आनाले गेलं का घरी येईस्तोवर आठवत नाई काय आनाचं होतं. पण तुमचा धंदाच तो. धान्याची दलाली. विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मधे उभं राहून दोघांच्याही तोंडून हो काढायचं. कागद नाही, सही नाही, तोंडचा शब्द, आणि संध्याकाळपर्यंत पोती इकडची तिकडे. तुमच्या शब्दावर बाजार चालायचा हे मला मान्य आहे. पण कॉलेज काय बाजार आहे? काहून असं वाटलं तुम्हाला?

तुम्ही पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून अमरावतीला आले. कॉलेजच्या रेकॉर्डला पालक म्हणून तुमचंच नाव होतं, कारण बाबांना कागद दिसला की घाम फुटतो. पहिल्या वर्षीच तुम्ही त्यांना म्हणाले होते, दाजी, तुमी वावर पाहा, कागदाचं मी पाह्यतो. बाबांनी सुटकेचा असा श्वास सोडला होता की आईला हसू आलं होतं.

त्या दिवशी खिडकीतल्या मॅडमनी तुम्हाला नीट समजावून सांगितलं. मी शेजारीच उभी होते. काका, म्हणाल्या, आधी त्या कॉलेजचं संमतीपत्र आणा, मग आमचं ना-हरकत घ्या, विद्यापीठाची परवानगी येऊ द्या, आणि सगळ्यात शेवटी टीसी न्या. टीसी हातात पडली की मुलीचा इथला प्रवेश संपला. मी तुमची बाही ओढली. म्हटलं, मामा, आधी तिकडचं पत्र घेऊ. तुम्ही मॅडमकडे पाहून असे हसले, जणू त्या बिचारीला व्यवहार कळत नाही.

'मॅडम, माल एका टायमाले दोन अडतीत राह्यत नाई,' तुम्ही म्हणाले. आणि माझ्याकडे वळले. 'आधी नाव काढ, मंग पाहू.'

बाजारात ते खरं असेल. एका अडत्याच्या दुकानातून पोती उचलल्याशिवाय दुसऱ्याच्या दुकानात टाकता येत नाहीत, टाकली तर भांडणं होतात. पण मी काय हरभऱ्याचं पोतं आहे? मॅडमनी अर्ज पुढे सरकवला, तुम्ही लफ्फेदार सही केली, आणि माझं नाव त्या कॉलेजातून निघालं.

मग तुम्ही मला राजापेठेत गिला वडा खायला नेलं. गाडीवाला तुमच्या ओळखीचा, अर्थातच. तुम्ही छाती फुगवून त्याला सांगितलं, भाचीचं नाव काढून आनलं. तो बिचारा खूश झाला, म्हणाला, वा भाऊ, कितवी आली पोरगी? तुम्हाला इतकं हसू आलं की ठसका लागला. मी पण हसले. आता हसू येत नाही. नाव काढणं म्हणजे घराण्याची कीर्ती करणं, आणि नाव काढणं म्हणजे हजेरीतून पुसून टाकणं! ज्यानं कोणी ही भाषा केली त्यानं कधी टीसी काढली नसावी. तो गाडीवाला मला एक वडा जास्त द्यायला लागला होता, पहिली आली म्हणून, आणि तुम्ही तो घेऊ दिला.

त्याच आठवड्यात तुम्ही गेले. सकाळच्या लिलावात, बोली चालू असताना, हरभऱ्याच्या पोत्यावर टेकले ते टेकलेच. लोकांना वाटलं भाऊ दम खात आहेत.

मी रडले, मामा. असं नका समजू की रडले नाही. लहानपणी यात्रेत खांद्यावर बसवून फिरवलं ते तुम्ही, दहावीच्या पेपरला बाहेर झाडाखाली बसून राहिले ते तुम्ही. पण रडता रडता मधेच डोक्यात आलं, माझी टीसी! तुमचं प्रेत अंगणात होतं आणि मला टीसी आठवली. माझी मलाच लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून तुमचा आणखी राग आला. असं मधल्या रस्त्यात सोडून जातात का कोणी? एक संमतीपत्र आणून गेले असते तर काय बिघडलं असतं?

तेरवी झाल्यावर मी इथंच थांबले. सांगायला मामीसोबत, खरं तर कॉलेजसाठी. दुसऱ्याच दिवशी कॉलेजात जाऊन काझी साहेबांची चौकशी केली. तिथल्या क्लार्कनं वर पाहिलं, शेजारच्याला विचारलं, आणि दोघं हसले. काझी साहेब निवृत्त होऊन कित्येक वर्षं झाली होती.

पत्ता काढून घरी गेले. म्हातारा माणूस, दारात कबुतरांना दाणे टाकत बसलेला. तुमचं नाव सांगितल्यावर त्यांचे डोळेच भरले. कोणी कळवलंच नव्हतं त्यांना. आत नेलं, चहा पाजला, तुमच्या आठवणी सांगितल्या. मी वाट पाहत होते की आता माझं काम निघेल. शेवटी मीच विचारलं, साहेब, तुम्ही मामांना सीटचं काय सांगितलं होतं? त्यांनी कप खाली ठेवला.

'बेटा, बाबारावभाऊ दरसाल माह्यासाठी डाळ घेऊन येत. त्यायले कसं सांगू का आता माह्या हातात काईच नाई? मी म्हनलं, पाहू.' मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, 'आमच्या हापिसात पाहू म्हनजे नाई. अन् त्यायच्या बाजारात पाहू म्हनजे सौदा पक्का.'

मामा, हे ऐकून मी काय करायला पाहिजे होतं, सांगा. त्या म्हाताऱ्यावर ओरडू? ते तर तुमच्यासाठी रडत होते. दोन भली माणसं एकमेकांना नाही म्हणू शकली नाहीत आणि माझं वर्ष मधल्यामधे अडकलं! तुमच्या जिवंतपणी मी एकदा विचारलं होतं, मामा, त्यांनी नक्की हो म्हटलं ना? तुम्ही चिडले होते. म्हणाले होते, आता काय स्टॅम्पपेपरवर लिहून घेऊ का काझी साहेबाकून? हो, मामा. घ्यायला पाहिजे होतं.

अकोल्याच्या कॉलेजात पुन्हा गेले, या वेळी ओळखीशिवाय. क्लार्क वाईट नव्हता. गुणपत्रिका पाहिली, म्हणाला, मार्क छान आहेत, जागाही आहे. मग टीसी पाहिली आणि त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, बदली घेणाऱ्याचं आधी कुठंतरी नाव असावं लागतं. तुझं तर कुठंच नाही. अमरावतीच्या कॉलेजनं ही टीसी रद्द केली आणि ना-हरकत दिली तरच काही होईल. फलकावर शेवटची तारीख लावलेली होती, आणि ती फार दूर नव्हती. ती चुकली की वर्ष गेलं. एकदा वर्ष गेलं की पुढच्या सगळ्या शिष्यवृत्त्यांच्या अर्जात खंड का पडला ते लिहीत बसायचं. काय लिहिणार होते मी? मामांना माल उचलायची घाई झाली होती?

शिष्यवृत्तीच्या टेबलावर विचारलं तर त्यांनी संगणक माझ्याकडे वळवून दाखवला. माझ्या नावापुढे 'प्रवेश रद्द' असं आलं होतं. तांबड्या अक्षरात. त्या सरांनी मला दोन-तीन वेगवेगळ्या ऑफिसांची नावं सांगितली. मी प्रत्येक ठिकाणी गेले, आणि प्रत्येकानं आधीच्याचं नाव सांगितलं.

बाबांना वलगावहून बोलावून घेतलं आणि अमरावतीच्या त्याच खिडकीवर गेलो. मॅडमनी मला ओळखलं. मी तेव्हाच सांगितलं होतं ना, म्हणाल्या. सांगितलंच होतं त्यांनी. टीसी कुठे वापरलेली नसेल तर रद्द होते, पण ज्या पालकांनी अर्ज देऊन नाव काढलं त्यांनीच परत अर्ज द्यायचा. मामांना घेऊन या.

बाबा म्हणाले, मॅडम, ते वारले. मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग हळू आवाजात म्हणाल्या, मग त्यांच्या मृत्यूचा दाखला आणा, घरच्या दुसऱ्या मोठ्या माणसाची सही घेऊ, मी पुढं करते.

तुमच्या मृत्यूचा दाखला, मामा. माझ्या प्रवेशासाठी! बस स्टँडवर बाबांनी चहा घेतला आणि तो तसाच गार होऊ दिला. दाखला काढायचा म्हणजे मामीला विचारणं आलं, तिच्याकडचे दवाखान्याचे कागद घेणं आलं. मी वहिनीले कोन्या तोंडानं मागू, ते म्हणत राहिले. आईला फोन केला तर ती म्हणाली, खबरदार तिच्यासमोर काढलं तर. वाशिमहून मामीचा भाऊ येईल, तिला लुगडं नेसवेल, दुखवटा काढून तिला माहेरी नेईल. तोवर तिनं उंबरा ओलांडायचा नाही आणि तिला असलं काही विचारायचं नाही. आणि तो भाऊ येणार होता शेवटची तारीख उलटून गेल्यावर.

सगळे इतके चांगले वागत होते, मामा! कुणालाच कुणाला दुखवायचं नव्हतं. तुम्हाला काझी साहेबांवर शंका घ्यायची नव्हती, काझी साहेबांना तुम्हाला नाही म्हणायचं नव्हतं, बाबांना मामीला विचारायचं नव्हतं. चांगली माणसं आणि त्यांचा संकोच! मला किंचाळावंसं वाटत होतं. पण मीही नाही विचारलं. मामी भिंतीतल्या देवळीत ठेवलेल्या तुमच्या चष्म्याकडे पाहत बसायची, तिला काय विचारणार?

गेल्या आठवड्यात मागच्या अंगणात जाऊन बाबांशी फोनवर हळू बोलत होते. म्हटलं, बाबा, जाऊ द्या आता, मी वर्षभर घरी बसते. वळून पाहते तर मामी मागे उभी, हातात सूप, सुपात तांदूळ.

'काय पाह्यजे तुले? सरळ सांग,' ती म्हणाली.

सांगून टाकलं. टीसी, काझी साहेब, मॅडम, दाखला, तारीख, सगळं. मला वाटलं ती कोसळेल. तिनं सूप खाली ठेवलं, आत गेली, कागद काढले, पदर डोक्यावरून घेतला आणि चपला घातल्या. मी म्हटलं, मामी, दुखवटा? ती म्हणाली, भाऊ आला का काढन तो. चाल. शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. मामीनं त्यांच्याकडे पाहिलं सुद्धा नाही.

जन्म-मृत्यूच्या खिडकीवर गर्दी होती. आमची पाळी आली तेव्हा आतला माणूस मान खाली घालूनच म्हणाला, मयताचं नाव?

मामा, तुमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मामीनं तुमचं नाव कधी घेतलं होतं का? 'हे' म्हणायची, 'आमच्या घरचे' म्हणायची, फार तर 'तुहे मामा' म्हणायची. हळदीकुंकवाला बायका मागे लागल्या तर उखाण्यात लपवून घ्यायची आणि तेव्हाही लाजून लाल व्हायची. मी पटकन पुढे झाले, म्हटलं मी सांगते. तिनं माझा हात धरून मला मागे केलं.

'बाबाराव,' ती म्हणाली. त्या माणसाला ऐकू गेलं नाही. तो म्हणाला, जोरात सांगा बाई. आणि मामीनं जोरात सांगितलं. तुमचं, तुमच्या वडिलांचं, आडनाव, सगळं, स्पष्ट, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं. दाखला हातात पडल्यावर बाहेर येऊन पायरीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मी तिच्याशेजारी बसून राहिले. तुम्ही गेल्यापासून मला तुमचा सगळ्यात जास्त राग आला तो त्या पायरीवर. तुमचं नाव तिनं पहिल्यांदा मोकळेपणानं घ्यावं, ते असं? या खिडकीत?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही अमरावतीला गेलो. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं, मामी दाखला पदराखाली धरून बसली होती. खिडकीशी जाऊन तिनं दाखला मॅडमपुढे ठेवला. मॅडमनी विचारलं, तुम्ही मुलीच्या कोण?

'त्यायनं हिचं नाव काढलं होतं. मी टाकाले आली,' मामी म्हणाली.

मॅडम उठल्या. आतून खुर्ची आणून मामीला दिली. अर्ज त्यांनीच लिहिला, मामीनं खाली सही केली, जरा वेडीवाकडी पण पूर्ण. टीसी रद्द झाली. ना-हरकतीसाठी मात्र बसवून ठेवलं, मग प्राचार्य जेवायला गेले, मग शिक्का सापडेना. मामी जागची हलली नाही. 'उद्या या' म्हणायला एकजण आला होता, पण तिच्याकडे पाहून परत गेला. दुपार कलल्यावर कागद हातात आला. विद्यापीठाचं काम मागून होईल, असं म्हणून अकोल्याच्या कॉलेजनं तारखेच्या आत तात्पुरता प्रवेश दिला. तात्पुरता म्हणजे पक्का नाही, हे आता मला कळतं. तो पक्का होईपर्यंत मी रोज जाऊन विचारणार आहे.

तर असं झालं, मामा. पण सगळं छान झालं असं समजून तिथं वर गप्पा मारत बसू नका. यंदाची शिष्यवृत्ती गेली. तिच्यासाठी खिडकी नाही, दाखला नाही, काहीच नाही, गेली म्हणजे गेली. बाबांनी सोयाबीनच्या भरवशावर फीचे हप्ते पाडून मागितले, आणि ते मागताना त्यांना जो घाम आला तो तुम्ही पाहायला पाहिजे होता. ग्रंथालयात पुस्तकं लावायचं काम मिळतं का म्हणून मी विचारून ठेवलं आहे. तिथले सर म्हणाले, पाहू. मी विचारलं, सर, म्हणजे हो की नाही? ते चमकलेच. मग म्हणाले, सोमवारपासून ये.

तुम्ही माझ्यासाठीच केलं, हे मला माहीत नाही असं नाही. तुमच्या जागी दुसरं कोणी अमरावतीपर्यंत आलंही नसतं. आई मला हेच सांगते, आणि मला ते ऐकून आणखी चीड येते. माणूस चांगला असला की त्याच्यावर रागवायची सुद्धा चोरी! मी रागावणार. प्रवेश पक्का होईल त्या दिवशीही रागावणार, आणि डिग्री हातात आली तरी थोडी रागावणार.

काल कॉलेजचा पहिला दिवस होता. घरी आले तर मामी ओट्यापाशी उभ्या उभ्याच भाकरी खात होती, ताटसुद्धा घेतलं नव्हतं. मला पाहून ओशाळली. मग तोंड पुसत म्हणाली, 'भाऊ आला तरी मी नाई जात वाशिमले. तू अठीच राह्यशीन ना?' इतक्या दिवसांत तिनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. मी हो म्हटलं. सरळ हो, दुसरं काही नाही.

मामा, तुम्हाला शब्द देते. पुढच्या वर्षीचा शिष्यवृत्तीचा अर्ज मी स्वतः, पहिल्या दिवशी भरीन, आणि तुमच्या ओळखीच्या एकाही माणसाला फोन करणार नाही. आणि शिक्षण पुरं होईपर्यंत मामी या घरात एकटी, उभ्यानं जेवणार नाही. तिचं ताट मी वाढीन आणि समोर बसून माझं खाईन.

तुमच्यावर रुसलेली,
तुमची पोट्टी,
प्रणाली